तीन आटे कमी

प्रिय पाणकोंबडी,

हे नाव लिहिताना हात जरा अडखळला. गेली कित्येक वर्षं मी पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहितो, आत नुसतं 'चि.' लिहितो आणि मोकळा होतो. आज पेन उचललं आणि हेच नाव आलं. तुझ्या आईने ठेवलेलं. तू तीन वर्षांची असताना बादलीत बसलीस की बोटं सुरकुतली, ओठ निळे पडले तरी बाहेर यायला तयार नसायचीस, तेव्हाचं. आवडलं नाही तर नाव खोडून टाक, पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर हे जमलं नसतं. आपला रविवारचा फोन म्हणजे जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते. मी हो, हो, बरं म्हणतो. सांगायच्या गोष्टी मला फोन ठेवल्यावर आठवतात, आणि मग त्या मी भिंतीवरच्या घड्याळाला सांगतो. निवृत्तीच्या दिवशी दिलेलं तेच घड्याळ, खाली पितळी पट्टीवर 'चोख कामाबद्दल' असं कोरलेलं. ऐकून घेतं बिचारं. मधे मधे टकटक करतं एवढंच.

माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या आईच्या हयातीतही कुरकुरायचे. तेव्हा ऐकायला कोणीतरी होतं एवढाच फरक. खोल्या तशाच आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर मी बसतो आणि दुसरीवर वर्तमानपत्रं बसतात. खिडकी उघडली की पंपघराची घरघर अजून ऐकू येते. तू लहानपणी म्हणायचीस, बाबांचा पंप घोरतोय. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण घरघरीचा सूर जरा बदलला तरी माझा घास हातात थांबतो. खालचा शिंपी सकाळी मशीन सुरू करायच्या आधी बातम्या मोठ्याने वाचतो. त्याला वाटतं मला दिसत नाही. मला छान दिसतं, पण मी त्याला तसं सांगितलेलं नाही. कोणी आपल्यासाठी वाचतंय तर वाचू द्यावं.

आता खरी बातमी. गावाच्या सांडपाण्याचा मोठा आराखडा होतो आहे. वस्ती दुप्पट झाली, टेकडीमागे नव्या इमारती उठल्या, आणि तिकडचं सगळं न्हाणीचं, मोरीचं, संडासाचं पाणी आपल्याच पंपघरात आणायचं घाटतं आहे. कुठलं पाणी कुठे न्यायचं, किती धुऊन समुद्रात सोडायचं, कोणता किनारा जपायचा, हे सगळं त्यात ठरणार. त्यासाठी एक इंजिनीअरबाई आली. तिशीची असेल. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्याला नकाशांची नळी, आणि जिने दोन दोन पायऱ्या एकदम चढते. एका बुधवारी दार वाजलं. मला वाटलं गॅसवाला. तर ही. म्हणाली, काका, पंपघराच्या वह्या लिहिणारे तुम्हीच ना? एकतीस वर्षांत एकही दिवस कोरा नाही, अशी वही मी आयुष्यात पाहिली नाही. मी तिला आत घेतलं. घाईघाईने वर्तमानपत्रं उचलली आणि ती दुसऱ्या खुर्चीत बसली. सहा वर्षांनी त्या खुर्चीने माणसाचा भार घेतला. ती करकरली तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग ती दर बुधवारी आणि शनिवारी येऊ लागली. जमिनीखाली कुठला नळ कुठे वळतो हे कागदावर नाही, ते माझ्या डोक्यात आहे. मी काही शिकलेला माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. पंपाची पुस्तकं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, आणि उरलेलं मला पंपानेच शिकवलं. पण ती पोर मला असं विचारायची जसं काही मी मोठा प्राध्यापक. मी मंगळवारपासून कप घासून ठेवायचो. शुक्रवारी दाढी करायचो. शिंप्याने विचारलंच, काय काका, लग्नबिग्न ठरतंय की काय? म्हटलं, हो, सांडपाण्याशी ठरलंय, पत्रिका तुम्हीच शिवा.

एका शनिवारी तिने टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या. नकाशात आपली वाटीही होती. तीच, पंपघरामागची, खडकांनी गोल वेढलेली, जिला आपण तिघंच वाटी म्हणायचो. तिच्यावर हिरवी खूण, म्हणजे पाणी स्वच्छ. बाजूला बारीक अक्षरांत: 'जुनी वाहिनी बंद. आधार: पंपघराची नोंदवही.' आणि काठावर पायऱ्या काढलेल्या. ती म्हणाली, इथे लहान मुलांना पोहायला शिकवायची जागा करायची आहे, गावात याच्याइतकं सुरक्षित पाणी कुठेच नाही, आणि ते तुमच्यामुळे. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू? माझं अक्षर गावाच्या आराखड्याचा आधार झालं होतं.

तुला आठवत असेल, पण पुन्हा सांगतो. पंपघराच्या पोटात एक खोल विहीर आहे. गावाचं वापरलेलं पाणी तिथे जमतं आणि पंप ते लांबच्या टाक्यांकडे रेटतात. पंप यायच्या आधी तेच पाणी एका जाड नळाने सरळ वाटीत जायचं. पंप आल्यावर त्या नळाच्या तोंडाचा सहा नंबरचा व्हॉल्व्ह फिरवून ठेवला. व्हॉल्व्हचं चाक फिरवलं की लोखंडी पडदा खाली उतरतो आणि नळाचं तोंड मिटतं. रोज सकाळी मी त्या चाकाला हिसका देऊन बघायचो, हललं नाही की वहीत लिहायचं, बंद. महिन्यातून एकदा, विहिरीत पाणी कमी असताना, तो पूर्ण उघडून पुन्हा मिटायचा म्हणजे गंजत नाही, आणि मिटताना आटे मोजायचे. बावीस. चाकाचे बावीस पूर्ण आटे. ती संख्या मला माझ्या जन्मतारखेपेक्षा पक्की पाठ होती.

त्या शनिवारी जाता जाता इंजिनीअरबाईने बॅगेतून वहीची एक प्रत काढली आणि म्हणाली, काका, एक बारीकसा प्रश्न. या महिन्यापर्यंत समासात बावीस लिहिलंय, पुढच्या महिन्यापासून एकोणीस. असं का? मी म्हणालो, गंज गं. लोखंडालाही म्हातारपण येतं, शेवटचे आटे जड जातात. ती हसली, तिने ते लिहून घेतलं आणि दोन दोन पायऱ्या उतरून गेली.

ती गेल्यावर मी प्रत पुन्हा पाहिली. वर साल होतं. महिना होता. तू चौदा वर्षांची होतीस.

तो महिना मला आठवतो. चाक एकोणिसाव्या आट्यावर घट्ट बसलं. मी जोर लावला, लांब पाना अडकवून लावला, पण इंचभर पुढे सरकेना. फोरमनला सांगितलं. तो म्हणाला, घट्ट बसलंय ना? मग बंद आहे. तीन आटे गेले कुठे ते तुझ्या डोक्यात बघ. सगळे हसले, मीही हसलो. आणि खरंच, चाक हलत नव्हतं. मी वहीत लिहिलं, बंद. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. एकदा लिहिलेला शब्द दुसऱ्यांदा लिहायला फारसा विचार लागत नाही, आणि शंभराव्यांदा तर पेनच लिहितं. माझ्यानंतर जो आला त्यानेही एकोणीसच मोजले, कारण वहीत माझ्या सुबक अक्षरात एकोणीस होतं.

त्याच दिवसांत तू सकाळी शाळेआधी वाटीत सराव करायचीस. मोठी स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती. एका सकाळी ओल्या केसांनी पंपघराच्या दारात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, बाबा, पाण्याला वास येतोय. मी म्हणालो, शेवाळ कुजलं असेल. चार दिवसांनी पुन्हा आलीस. मी म्हणालो, माझा व्हॉल्व्ह बंद आहे, वास तुझ्या नाकात आहे. आईने तुझा पोहण्याचा पोशाख वेगळ्या पातेल्यात उकळला आणि मला म्हणाली, अहो, जरा हुंगून तरी बघा. मी हुंगला नाही. म्हणालो, साबण बदल. मग तू शिकवणाऱ्या सरांना सांगितलंस, ते माझ्याकडे आले, आणि मी त्यांच्यासमोर, तू शेजारी उभी असताना म्हणालो, वासबीस काही नाही हो, पोरगी हरायला घाबरली आहे, निमित्त शोधते आहे. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस, आणि दुसऱ्या दिवशी, बहुधा मला दाखवायलाच, नेहमीपेक्षा दुप्पट पोहलीस. पंधरा-वीस दिवसांत तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ. दोन महिने अंथरुणात. स्पर्धा झाली, दुसरीच कोणीतरी जिंकली. डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारलं तर मी म्हणालो, बाहेरचं काहीबाही खाते. पुन्हा तू वाटीत उतरली नाहीस. मोठी झाल्यावर नोकरीसाठी असं शहर निवडलंस जिथून समुद्र बसने एक दिवसावर आहे. मी लोकांना सांगायचो, तिकडे पगार बरा आहे.

विहिरीत पाणी सर्वांत वर कधी चढतं, ठाऊक आहे? सकाळी सात ते नऊ. सगळं गाव एकदम अंघोळीला लागतं तेव्हा. मला हे माहीत नव्हतं असं नाही. ती तर माझी रोजची नोंद होती. पाण्याची उंची आणि ते एकोणीस आटे, दोन्ही गोष्टी माझ्या एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिलेल्या होत्या आणि मी कधी त्यांची ओळख करून दिली नाही.

इतकं कळूनही मी सोळा दिवस गप्प बसलो. हे वाचून तुला राग येईल, तो येऊ दे. कारण फार मोठं नव्हतं. सांगितलं तर वह्या खोट्या ठरणार, आणि वह्या खोट्या ठरल्या की ती पोर कशाला येईल जिने चढून? बुधवार गेला, शनिवार गेला, पुन्हा बुधवार. ती यायची, खुर्ची करकरायची, मी चहा ओतायचो आणि नकाशावरच्या त्या पायऱ्यांवर बशी ठेवायचो, म्हणजे दिसायला नकोत. एका खुर्चीचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी गावच्या लेकरांना त्या पाण्यात उतरवायला निघालो होतो. एकटेपणा माणसाला इतकं हलकं करतो हे मला माहीत नव्हतं.

मग त्या रविवारी फोनवर तुझ्या हातातून छोटीने फोन ओढून घेतला. म्हणाली, आजोबा, आई मला पाण्यात जाऊच देत नाही, म्हणते समुद्र घाण असतो, खरं का हो? मागून तुझा आवाज आला, ठेव तो फोन. मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये बाळा. आवाज चांगला येत होता. सात वर्षांच्या पोरीला मी खोटं सांगितलं, आणि तेही ज्या प्रश्नाचं उत्तर जगात मीच सगळ्यांपेक्षा चांगलं देऊ शकलो असतो त्यावर.

सोमवारी सकाळी मीच इंजिनीअरबाईच्या कार्यालयात गेलो. जिना तिथेही होता, मी एकेक पायरी चढलो. सगळं सांगितलं, आट्यांचं, फोरमनचं आणि तुझंही. तिने नुसतं विचारलं, काका, उद्या सात वाजता जमेल? तिने विहिरीत हिरवा रंग ओतला, निरुपद्रवी असतो तो, आणि आम्ही दोघं वाटीच्या काठावर जाऊन उभे राहिलो. ती घड्याळाकडे बघत होती, मी त्या खडकाकडे जिथे तू टॉवेल ठेवायचीस. मनात म्हणत होतो, नको येऊस रे बाबा, नको येऊस. बाराव्या मिनिटाला खडकाच्या बुडातून हिरवी दोरी सुटल्यासारखी धार आली. आधी करंगळीएवढी, मग पसरत पसरत अर्धी वाटी हिरवीगार. दिसायला सुंदर होतं, हे लिहायला लाज वाटते. पोरीने माझा दंड धरला. मी पडेन असं तिला वाटलं असावं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी व्हॉल्व्ह उकरून काढला. पडद्याखालच्या खाचेत एक विटेचा तुकडा. बस. त्याच्यामुळे पडदा शेवटचे तीन आटे उतरतच नव्हता, खाली दीड बोटाची फट. सत्तावीस वर्षं चाक घट्ट होतं आणि नळ उघडा होता. मी चाकाबद्दल लिहीत होतो, आणि वाचणारे ते पाण्याबद्दल वाचत होते.

आराखड्याची जाहीर सुनावणी झाली. इंजिनीअरबाई म्हणाली होती, तुम्ही यायची गरज नाही, मी तुमचा उल्लेख न करता मांडते. पण मी गेलो. आईने घेतलेला राखाडी कोट घातला. उभा राहून सांगितलं की आधार म्हणून दिलेली वही माझी आहे आणि तिच्यातला 'बंद' हा शब्द खोटा आहे. मागून कोणीतरी ओरडलं, काका, आटे ढिले झाले काय? सगळं सभागृह हसलं. मी म्हणालो, ढिले नाहीत झाले, तीन कमी आहेत. आता वाटीवर लाल खूण आहे. तो नळ कापून काँक्रीटने बुजवणार, टेकडीमागचं पाणी दुसरीकडे नेणार, आणि वर्षभर दर आठवड्याला पाणी तपासून ते नितळ निघालं तरच पायऱ्या बांधणार. वहीतही नवा रकाना आला आहे. 'बंद' लिहिलं की त्याच्यापुढे लिहायचं: पाणी पाहिलं का? मला तो रकाना फार आवडला. असा एक रकाना माझ्या डोक्यात हवा होता.

त्यानंतर घरघर तीच आहे, बाकी थोडं शांत झालं आहे. संध्याकाळी बाकावर बसणारे पंपघरातले जुने सोबती मी आलो की घरी कामं आठवून उठतात. फोरमन आता ऐंशीचा आहे, मला समोरून येताना बघून त्याने परवा रस्ता ओलांडला. त्यांच्याही वह्यांवर शिंतोडे उडाले ना, त्यांचं काय चुकलं? शिंप्याची बहीण म्हणे वाटीकाठी राहते. तो आता बातम्या मनातल्या मनात वाचतो. घड्याळ उतरवायला स्टुलावर चढलो होतो, पितळी पट्टीवरचे शब्द डोळ्यांत खुपत होते. पण उतरवलं तर बोलणार कोणाशी? तसाच खाली आलो.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. शनिवारी दार वाजलं. मी दाढी केलेली नव्हती. इंजिनीअरबाई होती, हातात एक छापील कागद. आराखड्याच्या शेवटी लोकांच्या तक्रारींची यादी जोडायची आहे, कोणत्या पाण्याबद्दल पहिली तक्रार कोणी केली, कोणाकडे केली, काय कारवाई झाली. म्हणाली, वाटीची पहिली तक्रार तुमच्या मुलीची आहे काका, तोंडी असली म्हणून काय झालं. सोबत तो कागद पाठवतो आहे. मीच भरला आहे, माझ्याच अक्षरात. दिनांक: मला आठवतो. तक्रारदार: इयत्ता नववीतली मुलगी, पोहणारी. कोणाकडे केली: पंपचालक, म्हणजे तिचे वडील. किती वेळा: तीन. कारवाई: काहीही नाही. खाली तक्रारदाराच्या सहीची जागा आहे, ती रिकामी ठेवली आहे. करायची तर कर, नसेल करायची तर कागद फाडून टाक, मी पुन्हा विचारणार नाही. माफी मागायला मला शब्द सापडत नाहीत पोरी. माझ्या हाताला रकाने भरायचीच सवय. म्हणून शेवटचा शेऱ्याचा रकानाही मीच भरून ठेवला आहे. त्यात तीनच शब्द आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते पाणी बघून लिहिले आहेत: तक्रार खरी होती.

तुझाच,
बाबा